गोडी बाव

माझ्या मावशीच्या यजमानांइतका आनंदाने अविश्वास ठेवणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही. अविश्वासू माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती बहुधा आंबट चेहऱ्याची असतात, समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच मान हलवू लागतात. काकांचं नेमकं उलटं होतं. कोणी एखादी अजिबात न पटणारी गोष्ट सांगायला लागला की त्यांचा चेहरा पानात पुरणपोळी पडल्यासारखा उजळायचा. ते खुर्ची पुढे ओढून घ्यायचे, धोतराचा सोगा मांडीखाली दाबायचे आणि डोळे लकाकवत विचारायचे, "वा! आता मला सांगा, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?" नौपाड्यात त्यांच्या या प्रश्नातून कोणी सुटलं नाही. एकदा दूधवाल्याने सांगितलं की म्हैस आटली आहे, उद्यापासून दूध अर्धंच मिळेल. काका दाढीचा साबण गालाला तसाच ठेवून बाहेर आले. "तू पाहिलंस की ऐकलंस?" दूधवाला म्हणाला, "काका, माझीच म्हैस आहे." "उत्तम! प्रत्यक्षदर्शी!" काका म्हणाले आणि त्याच आनंदात आत जाऊन उरलेली दाढी करायला विसरले. त्या दिवशी शाळेत त्यांनी अर्ध्या दाढीने पानिपत शिकवलं. सत्यनारायणाच्या पूजेला गेले तर साधुवाण्याच्या नावेपाशी भटजींना थांबवून विचारायचे, "ही गोष्ट सांगणाऱ्यांनी बदलली असेल की ऐकणाऱ्यांनी?" भटजी अनुभवी होते. ते म्हणायचे, "आधी प्रसाद घ्या." मावशी म्हणायची, "ह्यांची पोळी तव्यावर करपली तरी ह्यांना आधी साक्षीदार लागतो."

स्वातंत्र्य मिळून वर्ष होत नाही तोच मला ठाण्यातल्या एका गिरणीच्या कचेरीत नोकरी लागली आणि मी मावशीकडे राहायला आलो. काका तेव्हा तिथल्याच एका शाळेत इतिहास शिकवत होते. मी आलो त्याच सुमारास वाचनालयातल्या कुठल्याशा जाड इंग्रजी पुस्तकात त्यांना एक वाक्य सापडलं होतं आणि त्या वाक्याने त्यांना पछाडलं होतं. ते असं, की सहाव्या शतकात एक ग्रीक भाषेत लिहिणारा व्यापारी आपल्या समुद्राविषयी लिहून गेला आहे, आणि त्याने म्हटलं आहे की 'कल्लियाना' नावाच्या गावी ख्रिस्ती लोक आहेत, शिवाय इराणातून नेमलेला त्यांचा बिशपही आहे. "कल्लियाना!" काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ओरडले. "अगं, कल्याण! आपलं कल्याण! पोर्तुगीज यायच्या हजार वर्षं आधी!" मावशी कांदा चिरत होती. ती म्हणाली, "मग येताना तिकडून चांगले तांदूळ आणा." काही पंडितांच्या मते ते कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण नव्हेच, दुसरंच कुठलंतरी बंदर असावं, हे काकांना ठाऊक होतं. त्यानेच तर त्यांना अधिक चेव चढला. जिथे दोन पंडित भांडत असतील तिथे आपल्याला बसायला जागा आहे, असं ते म्हणायचे.

पुढच्याच रविवारी आम्ही कल्याणला. स्टेशनाबाहेर काका टांगेवाल्याला म्हणाले, "इथे पूर्वी बिशप राहत असत, तिकडे ने." टांगेवाल्याने आत्मविश्वासाने मान डोलावली, घोड्याला चाबूक दाखवला आणि आम्हाला एका बेकरीसमोर नेऊन उभं केलं. त्याने 'बिशप'चं 'बिस्कुट' ऐकलं होतं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. काकांनी बिस्किटं विकत घेतली, टांगेवाल्याला दिली, आणि परत गल्लीबोळांतून फिरत भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारायला सुरुवात केली. दुधनाक्याजवळ एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते. काकांनी विचारलं, "आजोबा, इथे फार पूर्वी ख्रिस्ती बिशप होते असं कोणी सांगितल्याचं आठवतं का?" आजोबांना पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर आलं असावं. ते म्हणाले, "असतील, असतील. का नसतील?" आम्ही परत आलो. पुन्हा दोनतीन रविवारांनी गेलो, तर त्याच नाक्यावरच्या पानवाल्याने आम्हाला आपण होऊन सांगितलं, "ते बिशप ना? हे काय, ह्या मागच्या बाजूला राहायचे. मोठा चौसोपी बंगला होता. आमच्या इथले आजोबा सांगतात." मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं ते खूश होतील. ते खूश नव्हते. ते हर्षवायू झाल्यासारखे नाचत होते! "पाहिलंस? पाहिलंस? मी पेरलं आणि मीच कापलं! मी विचारलं नसतं तर बिशप जन्माला आला नसता. महिन्याभरात त्याला बंगलासुद्धा मिळाला!"

तेव्हापासून त्यांचं लक्ष बिशपावरून उडालं आणि आठवणीवर बसलं. मुंबईच्या एका पाद्र्याकडून त्यांनी कुठल्याशा फ्रेंच पंडिताच्या विचारांची माहिती मिळवली. माणूस एकटा आठवत नाही, तो आपल्या माणसांच्या मेळ्यात आठवतो, आणि मेळ्याला आज ज्याची गरज आहे तेच कालचं म्हणून आठवतो, असं काहीसं ते होतं. येशूच्या भूमीतल्या पवित्र जागासुद्धा पुढच्या भाविकांनी आपापल्या श्रद्धेने नक्की केल्या, असं त्या पंडिताचं म्हणणं होतं म्हणे. काकांनी मग मराठी शुभवर्तमानं, म्हणजे चौघांनी लिहिलेली येशूची चार चरित्रं, आणली आणि माजघरात जमिनीवर चारही शुभवर्तमानं शेजारीशेजारी उघडून त्यांच्यामधून रांगत वाचायला लागले. पहाटे थडग्यापाशी कोण गेलं, यावर चौघांचं एकमत नाही. कोणी एकाच बाईचं नाव घेतो, कोणी दोघींचं, कोणी तिघींचं. पेत्र या शिष्याने येशूला ओळख दाखवली नाही त्या रात्री कोंबडा आरवला. "मार्क म्हणतो दोनदा!" काका गुडघ्यांवर उभे राहून म्हणाले. "बाकीचे एकदाच!" मावशी त्यांच्या अंगावरून पाण्याची कळशी घेऊन चालली होती. "आरवला ना? मग झालं तर," ती म्हणाली. काका माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "तुझी मावशी विदुषी आहे, पण तिला सांगू नकोस. चौघांनी शब्दन्शब्द एकच सांगितलं असतं ना, तर मीच पोलिसांत गेलो असतो. पढवलेला साक्षीदार तेवढा अडखळत नाही."

हे रांगणं कोणीतरी खिडकीतून पाहिलं असावं. एके दुपारी डोंबिवलीहून काकांची थोरली बहीण रडत आली. तिच्या आळीत बातमी होती की काकांनी धर्म बदलला, नाव जॉन ठेवलं आणि आता नौपाड्यात गुडघ्यांवर बसून प्रार्थना करतात. मावशी संतापली. काका मात्र उठून बहिणीला पाट देत म्हणाले, "आक्का, रडू नकोस. आधी सांग, जॉन की जोसेफ? पहिल्यांदा कोणी सांगितलं?" आणि त्यांनी खरोखर डोंबिवलीला जाऊन त्या बातमीचा माग काढला. एका घरी ते जॉन होते, त्याच्या आधीच्या घरी नुसतेच "बाटले" होते, त्याच्याही आधीच्या घरी त्यांच्या हाती क्रूस दिसला होता. शेवटी माग एका ओळखीच्या गृहस्थांपाशी संपला, ज्यांना स्वतः काकांनीच बाजारात सांगितलं होतं की सध्या मी बायबलात बुडालो आहे. परत येताना ते असे तरंगत चालत होते की जणू काही त्यांना पदवी मिळाली होती. "बुडालो म्हटलं मी," ते म्हणाले, "आणि लोकांनी माझा बाप्तिस्मा करून टाकला!"

काकांच्या शाळेत बँड शिकवायला बस्त्याव म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ येत. खाडीपलीकडच्या मिठागरांच्या काठी त्यांचं गाव. शाळेत बोलायचे ते नीटस मराठी, पण काकांशी बोलताना घरच्या बोलीवर यायचे. वयाने दोघे एकाच बरोबरीचे, आणि दोघांची मैत्री बँडच्या ढोलासारखी, लांबूनही ऐकू येणारी. कल्याणच्या बिशपाची हकीकत ऐकून ते म्हणाले, "मास्तर, कल्याणाला कशाला शोधतस? आमचे गावान चल. आमची बाव बग." बाव म्हणजे विहीर. चारी बाजूंनी खारट जमीन, मिठाचे ढीग, आणि मध्ये एकच विहीर गोड्या पाण्याची. तिचं नावच गोडी बाव. बस्त्यावमामांच्या वाडवडिलांपासून गोष्ट चालत आली होती की येशूचा एक चेला गलबतातून त्या किनाऱ्याला लागला, त्याला तहान लागली, त्याने काठी जमिनीत रोवली आणि गोडं पाणी वर आलं. "आमचे आजाचे आजानं सांगलेलं," मामा म्हणाले. "त्यानं पायलेला का?" हे ते आपणच विचारून हसले, कारण काका तोंड उघडतच होते.

होडीतून आम्ही पलीकडे गेलो. उतरताना काकांचा एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला आणि त्यांची एक वहाण खाडीने कायमची ठेवून घेतली, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती. त्यांनी विहीर पाहिली, तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, ख्रिस्ती म्हाताऱ्यांकडून ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. मग ते बांधावरून मिठागरांत काम करणाऱ्या आगरी वस्तीकडे गेले. तिथे जनाबाय म्हणून एक म्हातारी मिठाच्या ढिगाशी बसली होती. काकांनी तिला विचारलं, या बावेचं पाणी गोडं कसं? जनाबाय म्हणाली, "भीमाला तान लागली. पाचीव भाव वनवासान हितं आयलेले. भीमानं कोपर मारला भुईला, पानी आयला." काका जागच्या जागी उडाले. शब्दशः उडाले, मी पाहिलं. ऐकलेलं नाही.

एक विहीर, एक तहान, एक प्रहार, आणि त्याचे दोन मालक! काकांचं डोकं भणभणू लागलं. आधी कोण? ख्रिस्ती झालेल्या लोकांनी आपल्या जुन्या भीमाला संताचा झगा घातला, की शेजारच्यांनी संताला भीमाची गदा दिली? की दोघांच्याही आधी तिसराच कोणी तहानलेला माणूस होता? पुढे त्या गावाचा सण आला. बस्त्यावमामांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, मामांचे भाऊ, व्याही, गावातली मोठी माणसं. जेवण चाललेलं असताना कोणीतरी सहज विचारलं, "मास्तर, आमची बाव किती जुनी?" आणि काकांनी, ज्यांना आनंद पोटात ठेवणं कधी जमलंच नव्हतं, हात उंचावून सांगितलं, "विहीर जुनी आहे हो! पण गोष्ट पाहा, तुमचा संत आणि त्यांचा भीम एकाच तहानेने व्याकूळ झालेत! तीच गोष्ट, नाव फक्त बदललंय. संत आला होता याला पुरावा कुठला? पण आठवण पाहा! काय सुंदर आठवण आहे!" ते हसत होते. बाकी कोणी हसत नव्हतं. बस्त्यावमामांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, खुंटीवरची हॅट घेतली आणि आपल्याच घरातून बाहेर पडले.

काकांना हे कळलं नाही. घरी आल्यावर ते मावशीला रंगवून सांगत होते, की काय झालं कोण जाणे, बस्त्याव उठूनच गेला. मावशी भाकरी थापता थापता थांबली. "तुम्ही त्यांच्या घरी बसून, त्यांचं अन्न खात, त्यांच्या आज्याला खोटं ठरवलंत."

"मी खोटं कुठे म्हटलं? आठवण म्हटलं!"

"ऐकणाऱ्याने जे ऐकलं तेच तुम्ही म्हटलंत," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं मला हेच शिकवताय ना?"

त्यानंतर काका गप्प झाले. माझ्या आठवणीत ते गप्प असल्याचा तो एकच काळ. बस्त्यावमामा शाळेत यायचे, मुलांना बँड शिकवायचे आणि शिक्षकांच्या खोलीत न येता निघून जायचे. काका खिडकीतून त्यांची हॅट बघत उभे राहायचे. चारही शुभवर्तमानं त्यांनी मिटून कपाटावर ठेवली. दूधवाला एकदा म्हणाला की पाण्याचा हंडा फुटला म्हणून उशीर झाला, तर काका "बरं" म्हणाले. दूधवाला घाबरून आत मावशीला विचारायला आला, काकांना बरं आहे ना?

आणि मग एका सकाळी बस्त्यावमामा आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी उंबरठा ओलांडेनात. मिठागरं नव्याने घेतलेल्या एका शेटला आपला बांध सरळ न्यायचा होता, आणि बाव नेमकी त्या रेषेत येत होती. ती बुजवायला त्याने परवानगी मागितली होती. गावाने हरकत घेतली, की ही आमची पवित्र बाव आहे. त्यावर शेटने मामलेदारांना सांगितलं होतं की साहेब, या सगळ्या भाकडकथा आहेत. नौपाड्याचे शिकलेले मास्तर स्वतः गावात जाऊन सांगून आले की संत-बिंत कोणी आला नव्हता.

"मास्तर," बस्त्यावमामा म्हणाले, "तुजे तोंडाचे बोल आता शेटचे तोंडान हायेत."

दुसऱ्यांच्या तोंडून फिरत गेलेल्या गोष्टींवर काकांनी इतकी वर्षं जीव टाकला होता. आपलीच गोष्ट अशी फिरून येईल आणि एका गावाचं पाणी तोडायला उभी राहील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते म्हणाले, "बस्त्याव, मी येतो. मामलेदार येतील तेव्हा मी तिथे असेन." मामांनी विचारलं, "काय सांगशील? संत आयलेला म्हणशील?" काकांनी मान हलवली. "नाही रे. ते मला सांगता येणार नाही." मामा म्हणाले, "तरी ये." आणि निघून गेले.

मामलेदार आले त्या दिवशी विहिरीभोवती सगळं गाव जमलं होतं. ख्रिस्ती मंडळी एका बाजूला, मिठागरांतली आगरी मंडळी दुसऱ्या बाजूला, शेट छत्रीखाली, आणि मधोमध डोक्यावर टोप घातलेले, उन्हाने वैतागलेले मामलेदार. त्यांनी काकांना सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही इतिहासाचे. एका शब्दात सांगा. संत आला होता की नव्हता?" शेट हसला. बस्त्यावमामा जमिनीकडे बघत होते. काका म्हणाले, "साहेब, मला माहीत नाही." गर्दीत कुजबुज उठली. काका म्हणाले, "मला दोन मिनिटं द्या. या बायकांना बोलू द्या."

त्यांनी जनाबायला पुढे बोलावलं आणि ख्रिस्ती वस्तीतल्या एका म्हातारीला. दोघींना म्हणाले, तुमची तुमची गोष्ट साहेबांना सांगा. एकीने संताची काठी सुरू केली, दुसरीने भीमाचा कोपर, आणि क्षणात तिथे असा कल्ला उठला की मामलेदारांनी टोप काढून हातात घेतला. "काठी गो!" "कोपर म्हनते ना मी!" "गलबत आयलेला!" "पायी आयलेले पाचीव!" दोन्ही बाजूंच्या बायका पुढे सरसावल्या. शेटला वाटलं आता मारामारी होणार आणि आपलं काम फत्ते. मग जनाबाय ओरडून म्हणाली, "तान लागलेल्याला पानी दिलं नाय त बाव आटंल, असा भीमानं सांगला!" आणि समोरची म्हातारी तितक्याच जोराने म्हणाली, "मंग आमचे संतानं काय येगलं सांगला? तेच सांगला!"

बायकांचे उगारलेले हात खाली आले. काका त्या दोघींकडे असे बघत राहिले की जणू कोणी त्यांच्या हातात सहाव्या शतकातला बिशप आणून दिला असावा. इतके महिने ते कोण आला, कधी आला, यामागे धावत होते. गोष्टीचं शेपूट त्यांनी ऐकलंच नव्हतं. मग तो माणूस पेटला. "साहेब!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज शाळेतल्या वर्गासारखा मिठागरांवर घुमला, "या गावात कधी कोणाला इथे पाणी नाकारलं का, हे विचारा! कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या?" दोन्हीकडून "नाय, नाय" आलं. "संताचा पुरावा माझ्याकडे नाही. भीमाचा नाही. पण वहिवाटीचा आहे! शेकडो वर्षांची वहिवाट, दोन समाजांची, एकमेकांशी भांडत सांभाळलेली! जमिनीवरची पाऊलवाट मोडता येत नाही ना तुमच्या कायद्याने? मग ही आठवणीची पाऊलवाट आहे, साहेब! परंपरा म्हणजे दुसरं काय? कोण आलं होतं ते विसरायला होतं. का आलं होतं ते लोक विसरत नाहीत!" आणि मग, सवयीने, ते मार्क आणि दोनदा आरवणाऱ्या कोंबड्याकडे वळले. मामलेदारांनी हात जोडले. म्हणाले, "मास्तर, पुरे. मला बाकीचं समजलं नाही, पण वहिवाट समजली."

त्यांनी शिपायाला विहिरीतून पाणी काढायला सांगितलं, स्वतः प्यायले, आणि शेटला म्हणाले की बांध थोडा वाकडा न्या. शेटने पुष्कळ कुरकुर केली, पण बांध वाकडाच गेला. आजही तो तिथे पोट आत घेतल्यासारखा वळतो.

लोक पांगल्यावर बस्त्यावमामा काकांपाशी आले आणि म्हणाले, "आमचा संत आयलेला, मास्तर. तुला पटो नायतर नको."

"मला फार आवडेल," काका म्हणाले, "आला असेल तर."

मामा मोठ्याने हसले, आपली हॅट काढून उन्हात भाजलेल्या काकांच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांना हाताला धरून घरी जेवायला घेऊन गेले. होडीतून परतताना काका ती हॅट काढायला तयार नव्हते. घरी मावशीने दार उघडलं, त्यांना बघितलं आणि म्हणाली, "आता आक्कांना डोंबिवलीला कोणी सांगू नका म्हणजे झालं."

पुढची काही वर्षं काका नौपाड्यापासून कल्याणपर्यंत वाचनालयांतून, गणेशोत्सवांतून, एकदा तर चर्चच्या अंगणातसुद्धा यावर व्याख्यानं देत हिंडले. येशूच्या पहिल्या शिष्यांच्या मंडळींनी एकत्र जेवताना, एकत्र भिताना काय आठवलं असेल आणि का, हे सांगताना ते खाडीकाठच्या बायकांचं भांडण असं काही रंगवायचे की पाद्रीसुद्धा पोट धरून हसायचे. ग्रंथ लिहायचा होता, तो राहिला. त्यांना बोलायचंच इतकं असे की लिहायला बसायला सवड झाली नाही. एका थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. बस्त्यावमामांनी शाळेचा बँड आणायचा आग्रह धरला, पण मावशी म्हणाली, आवाज नको, ते उठून बसतील. त्यानंतर वर्षाभरात मामाही गेले.

गेल्या सणाला मामांच्या मुलाने बोलावलं म्हणून मी मावशीला घेऊन खाडीपलीकडे गेलो होतो. गोड्या बावेला आता सिमेंटचा कठडा आहे. एक तरुण बाई आपल्या माहेरच्या पाहुण्यांना विहीर दाखवत होती. संत झाला, भीम झाला, आणि मग ती म्हणाली, "आनि शेटनं बाव बुजवाला घेतलेली ना, तवा ते मास्तर आयले ठान्याशी. मोठी पांढरी दाढी. होडी नवती, भरती होती. खाडी चालत आयले, पाय पन भिजले नाय."

मी पुढे झालो. काकांना दाढी नव्हती. ते होडीतून आले होते, मी शेजारी बसलो होतो. हे सगळं मी बोलणार, तेवढ्यात माझ्या मागून मावशी म्हणाली, "हो बाई. मी होते ना बरोबर."

ती बाई मावशीच्या पाया पडली. मावशी त्या गावी आधी कधी आली नव्हती. काकांच्या हयातीत तिने खाडी ओलांडली नव्हती, होडीची तिला भीती वाटायची. परतताना होडीत मी तिला हळूच म्हणालो, "मावशी, तू तिथे कधी होतीस?"

ती माझ्याकडे आश्चर्याने बघत राहिली. तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. "नव्हते?" ती म्हणाली. "मग मला इतकं स्वच्छ कसं दिसतंय रे? ऊन होतं. ह्यांचा आवाज चढला होता." तिने होडीची कड घट्ट धरली. मग म्हणाली, "दाढीचं तेवढं नक्की आठवत नाही."

नावाडी वल्हं मारत होता. दिवस कलला होता. हे ऐकून जो माणूस हर्षाने होडीत उभा राहिला असता, आणि ज्याने आम्हा सगळ्यांना बुडवून टाकलं असतं, तोच तेवढा आमच्यात नव्हता.